इरोडहून आलेलं सेकंडचं कापड

आधीच सांगून टाकते. माझ्या घरात लिंबू आणि मिरची फक्त चटणीत एकत्र येतात, दाराला टांगलेली दिसणार नाहीत. अमावास्येला मी खुशाल केस धुते. या सदरातले गूढ अनुभव मी दर महिन्याला वाचते, ऑफिसात मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवते आणि शेवटी "वायरिंग सैल असणार" असं म्हणून पान उलटते. त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे याची जरा लाजच वाटते आहे. पण झालं ते झालं... आणि त्याला आता नऊ वर्षं होतील.

मी इंदूरची. परदेशीपुऱ्याच्या चौकातून जुन्या मिलच्या भिंतीकडे जी गल्ली जाते, तिथे आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. बाबा त्याच मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. फोल्डिंग म्हणजे नुसत्या घड्या घालणं नव्हे. मागावरून उतरलेलं कापड उजेडात ओढून बघायचं आणि खोट दिसली — तुटलेला धागा, तेलाचा डाग, एखादा जाड आडवा दोरा — की तिच्या सरळ रेषेत कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा. घडी घातली तरी तो दोरा बाहेर दिसतो. ज्या ताग्याला दोरे जास्त तो सेकंडमध्ये जायचा, आणि सेकंडचा माल मिलच्या दुकानात कामगारांना स्वस्तात मिळायचा.

आमचं अख्खं घर सेकंडवर वाढलं. आई माझा शाळेचा शर्ट असा बेतायची की खोट बरोब्बर काखेत जाईल. बाबा मला समोर बसवून शिकवायचे, "काठावरून बोट फिरव. दोरा लागला की आत बघ. दोरा उगाच नसतो." मी बोट फिरवायचे, खोट शोधायचे आणि सापडली की त्यांना जाम आनंद व्हायचा.

मी नववीत असताना मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग ले-ऑफ, मग फाटकाला कुलूप. राजवाड्याच्या दुकानांत तेव्हा नव्या नव्या कंपन्यांचा माल यायला लागला होता, देश खुला झाला म्हणून लोक खूश होते. बाबा मात्र दोन वर्षं रोज डबा घेऊन बंद फाटकासमोर बसून यायचे. शेवटी सुरतला कापड तपासणारी माणसं लागतात असं कळलं आणि ते निघाले. जाताना आईला म्हणाले, "घर सोडू नको. मी इथंच येणार." दोन पोस्टकार्डं आली. तिसरं आलं नाही. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दोनदा सुरतला जाऊन आले, पोलिसात तक्रार झाली, पेपरात फोटो छापला. काहीच कळलं नाही.

आईने घर सोडलं नाही. कुंकू सोडलं नाही आणि घरही नाही. मालकाने पावसाळ्यात गळणारं छप्पर दुरुस्त केलं नाही तरी नाही, समोर ट्रान्सपोर्टवाल्याचं गोडाऊन झालं तरी नाही.

मी शिकले, विम्याच्या ऑफिसात लागले, लग्न केलं नाही. आणि इंटरनेटवर खरेदी सुरू झाली तशी मी त्यात उस्ताद झाले. नवा कोरा माल पूर्ण किमतीला घेणं हे मला आजही पाप वाटतं. पोचा पडलेला फ्रिज, डबा उघडलेला मिक्सर, एक्स्पोर्टचं उरलेलं कापड, कुणीतरी परत केलेली चप्पल... जिथे "मायनर डिफेक्ट" लिहिलेलं दिसेल तिथे मी थांबणार. ऑफिसातले लोक काही घ्यायचं झालं की आधी मला विचारायचे. रक्तातच आहे, मी म्हणायचे.

अशी पै-पै वाचवून मी शहराच्या पलीकडच्या टोकाला, नव्या वस्तीत एक फ्लॅट घेतला. लिफ्ट, चोवीस तास पाणी, आईला गुडघ्यांचा त्रास म्हणून खालचाच मजला. आई बघायला आली, खिडक्या छान आहेत म्हणाली आणि परत जायला रिक्षात बसली.

"त्यांना काय हा पत्ता माहीत आहे?" एवढंच बोलली.

बावीस वर्षं झाली होती हो! मला तिच्याशी भांडायचाही कंटाळा आला होता. म्हणून काकांनी जेव्हा तो विषय काढला, तेव्हा मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. हे मला आधी कबूल करायचं आहे.

काका देपालपूरला शाळेत मास्तर होते. माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं उलटली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे अंत्यसंस्कार करतात. ते आपल्या भावाचं राहून गेलं, हे त्यांना फार लागून राहिलं होतं. "वहिनी, मी सत्तरीला आलो," ते आईसमोर बसून म्हणाले. "माझ्यामागे दादाचं कोण करणार? ही एकटी करून राहिली का? आणखी कब तक वाट बघायची?" आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझंही हेच म्हणणं आहे?" मी मान हलवली. तिने पदराने उगाच चष्मा पुसला आणि म्हणाली, "करा मग."

खेडीघाटावर नर्मदेकाठी विधी करायचं ठरलं. जीप सांगितली. गुरुजींनी यादी दिली, त्यात पुतळ्यावर पांघरायला पाच मीटर कोरं पांढरं सुती कापड होतं. आणि मी ते ऑनलाइन मागवलं. इरोडचा एक विक्रेता होता, साठ टक्के सूट, खाली बारीक अक्षरात "सेकंड, मायनर डिफेक्ट". जळणारच तर आहे, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

विधीच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास पार्सल आलं. बाहेरचं प्लास्टिक, आतलं प्लास्टिक, कागदी पट्टा — सगळं मीच कात्रीने कापलं आणि घडी तशीच आईच्या हातात दिली. मी तीळ आणि दर्भ पिशवीत भरत होते.

"काय गं, कुठून मंगवलंस?"

"इरोड. मद्रासच्या तिकडे."

आई दाराशी उजेडात जाऊन बसली आणि सवयीने कापडाचा काठ बोटांतून सरकवायला लागली. थोड्या वेळाने तिचा हात थांबलेला मला दिसला. मी जवळ गेले. काठाला लाल दोरा बांधला होता. दुहेरी, दोन वेढ्यांची गाठ, पुढे बोटभर टोक. ते टोक कापलेलं नव्हतं, तोडलेलं होतं... चपटं झालं होतं.

"तुझे बाबा दाताने तोडायचे," आई म्हणाली. "कैची खिशात असायची, तरी."

मी हसण्यावारी नेलं. सेकंडचा माल आहे, दोरा असणारच. "थांब, खोट दाखवते तुला," म्हणून मी कापड जमिनीवर पसरलं. दोऱ्याच्या रेषेत या काठापासून त्या काठापर्यंत बोट फिरवलं. मग खिडकीच्या गजांना लावून उन्हात पाहिलं. मग मोबाइलचा टॉर्च मागून धरला. काही नाही. पाचही मीटर पाहिलं — एक धागा इकडचा तिकडे नाही. जन्मात पहिल्यांदा मला डिफेक्ट मिळत नाही म्हणून घाम फुटला.

चारच्या बसने काका आले. आईने कापड त्यांच्यासमोर ठेवलं, त्यांनी दोरा पाहिला आणि चप्पल न काढताच पलंगावर टेकले. "कुणीही बांधला असेल, वहिनी," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"भाऊजी, तुमच्या दादांनी पंचवीस वर्षांत एक दोरा उगाच बांधला नाही," आई म्हणाली. "कापडात काही नाहीये. ह्या पोरीने पूर्ण बघितलंय. त्यांना हे कामच पसंत नाही. पास नाही केलं त्यांनी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जीप कॅन्सल कर."

काका रडले. मास्तर माणूस, लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, आणि मला वाटतं त्यांना आत कुठेतरी सुटल्यासारखंही झालं असावं. मला मात्र रडू आलं नाही. मला राग आला. एका दोऱ्यापायी पुन्हा हे घर, पुन्हा ते छप्पर, पुन्हा वाट बघणं.

पहिला संशय मी आईवरच घेतला, खोटं कशाला बोलू? पण घडी तिच्या हातात दिल्यापासून ती माझ्या डोळ्यांसमोर होती. शिवाय तिला मोतीबिंदू झालेला, साधी सुई मी ओवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन लावला. तो तिकडचा, हिंदी तुटकं, पण माणूस भला होता.

"मॅडम, धागा हमारे यहाँ कोई नहीं बाँधता. मशीन देखती, स्टिकर मारती. पुराना टाइम का काम है वो."

"आपके यहाँ कोई इंदौर का आदमी? बुजुर्ग?"

"सब लोकल है, मॅडम. लेडीज है ज्यादा." मग म्हणाला, "पीस में प्रॉब्लम है तो रिटर्न डाल दो ना."

मी रिटर्नचं आईला सांगितलं तर तिने कापड उचलून कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तरीही माझी खात्री पटेना. बाबांच्या बाजूच्या टेबलावर काम करणारे रामदीनजी अजून आमच्याच भागात राहतात. मिल बंद झाल्यावर त्यांनी सेव-परमलची, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांची गाडी लावली. आईकडून किल्ली मागून मी कापड त्यांच्याकडे नेलं आणि काही न सांगता तेवढा काठ पुढे केला. त्यांनी हात पुसले, गाठ अंगठ्याखाली घेतली आणि म्हणाले, "ये कहाँ से लाई, बेटा? ये तो तेरे बाऊजी की गाँठ है. हम सब की सीधी पड़ती थी. वो उल्टे हाथ से बाँधते थे ना... उल्टी पड़ती थी." बाबा डावखुरे होते. मी रामदीनजींना त्याची आठवण करून दिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीच ते विसरून गेले होते. तिथे, गाडीपाशी, मला रडू आलं.

त्यानंतर मी जे केलं ते वाचून तुम्ही हसाल. त्याच विक्रेत्याकडून मी पुन्हा कापड मागवलं. मग पुन्हा. चादरी, पंचे, अस्तर, लागतं का नाही ते न बघता. पैसे वाचवणारी म्हणून जिचं नाव, तिने दीड वर्षात कपाटाचे तीन कप्पे पांढऱ्या कापडाने भरले. प्रत्येक पार्सल आलं की आई आणि मी दाराशी बसायचो, एक काठ तिच्याकडे, एक माझ्याकडे. खोटी खूप सापडल्या. दोरा पुन्हा कधीच लागला नाही. सुरतलाही जाऊन आले. जुन्या पत्त्यावर आता मोबाइलचं दुकान आहे. इरोडला जायचं तिकीट काढलं होतं, पण तिथे जाऊन कुणाला काय विचारणार ते सुचेना, म्हणून रद्द केलं.

बाबा कुठेतरी आहेत म्हणून ती गाठ आली, की ते नाहीत म्हणून आली? मला खरंच कळत नाही. कुणी जुना डावखुरा कारागीर असेल, तोही दाताने दोरा तोडत असेल, त्याचा दोरा चुकून बिनखोटीच्या कापडाला लागला असेल आणि ते कापड नेमकं आदल्या दिवशी आमच्याकडे आलं असेल. हे सगळं होऊ शकतं. तुमच्यापैकी कुणी लिहून कळवलं असतं तर मीच हे म्हणून पान उलटलं असतं.

आई पाच वर्षांपूर्वी गेली. कुंकू लावून गेली, जशी तिची इच्छा होती तशी. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "तू जा आता त्या फ्लॅटमध्ये. माझं झालं." तिचं सगळं काकांनी आणि मी रीतसर केलं.

काका आता ऐंशीला टेकलेत. दर पितृपक्षाच्या आधी देपालपूरहून फोन येतो, "बेटा, यंदा दादाचं करून टाकू का?" मी म्हणते, "पुढच्या वर्षी बघू, काका." तेही आग्रह करत नाहीत. बाबा आज ब्याऐंशी वर्षांचे असतील. या वयाची माणसं असतात की... गल्लीत रोज दिसतात.

फ्लॅटमध्ये एक नवं जोडपं भाड्याने राहतं. चांगली माणसं आहेत, खिडक्यांना त्यांनी निळे पडदे लावलेत. इथला मालक मागच्या आठवड्यात आला होता. म्हणाला, "दीदी, अब तो खाली कर दो, आपका तो खुद का मकान है." मी त्याला चहा दिला आणि पुढच्या अकरा महिन्यांच्या करारावर सही करून टाकली.