तांदळात लिहिलेलं नाव

"याचा अर्थ काय होते गा?" ही काकूची पहिली चौकशी. नागपुरात बेसाच्या आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं, की ती जिन्यातच पोराला थांबवून नाव विचारायची आणि आईबापाकडे वळून अर्थ मागायची.

नावं विचारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांना त्यातून जात काढायची असते. ही आडनावाच्या वाटेला जायचीच नाही. "आडनाव घराचं राहते. नाव मानसाचं. ते कोनं ठेवलं, काहून ठेवलं, ते सांग."

आजकालच्या नावांपुढे मात्र तिनं हात टेकले होते. रेयांश, कियांश, अविर. बहुतेक आयांचं उत्तर एकच: विष्णूचं नाव आहे. मला मोजायची खोड. इमारतीत लहान मुलं नऊ, त्यात विष्णू पाच. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "बाकीचे देव काय सुट्टीवर गेले का, भाऊ?"

ती मूळची उमरेडची, हातमागवाल्या घरातली. नवरा गांधीबागेत कापडाच्या दुकानात होता. मी तिला काकू म्हणायचो, बाकीचे शालिनीबाई म्हणायचे.

तिच्या नातवाचं लग्न झालं, त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. नवी नातसून प्रणाली माप ओलांडून आत आली, लक्ष्मीपूजन झालं आणि तांदळाचं ताट पुढे आलं. नवऱ्यानं अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. त्या दिवसापासून सासरी तेच नाव. काकूच्या मुलानं 'अन्विता' हे नाव ठरवून ठेवलं होतं. पेढ्यांचा डबाही उघडला होता.

नातवानं अंगठी टेकवली, तेवढ्यात काकूनं ताटावर आडवा हात धरला.

"थांब गा. पोरी, तुले पाहिजे काय नवं नाव?"

प्रणालीनं आधी सासऱ्यांकडे पाहिलं. मग मान हलवली. नको.

"आई, रीत आहे ती," मुलगा म्हणाला. "लोकांसमोर काय हे? तुझंही बदललं होतं ना?"

"बदललं होतं म्हनूनच बोलून राहिली. मले कोनं विचारलं? मायनं ठेवलेलं नाव अशाच ताटात गेलं माझं. नव्या नावाची हाक मले समजेच ना, तर सासू म्हने, सून बहिरी हाय."

लोक हसले. ती हसली नाही, तिनं हातही काढला नाही. शेवटी नातवानं 'प्रणाली' लिहायचं कबूल केलं, तेव्हा हात बाजूला झाला आणि पेढे वाटले गेले.

जुनं नाव कोणतं, हे मी पुढे एकदा विचारलं. "आता कोन हाक मारनार हाय, भाऊ?" एवढंच म्हणाली.

यंदा ती गेली. उमरेडहून तिचा भाऊ काठी टेकत आला आणि तिच्या उशाशी बसला. "सुपडे, उठ वं. मी आलो ना."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग त्यानंच सांगितलं. तिच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती. म्हणून आईनं हिला सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घेतलं. लेकरू दुसऱ्याचं आहे, असं मरणाला वाटावं म्हणून. "जगली पाहिजे म्हनून सुपडा," म्हातारा म्हणाला.

खालच्या फळ्यावर निधनाची सूचना लिहायचं काम माझ्याकडे असतं. मी 'शालिनीबाई' लिहिलं, तोच प्रणाली जिना उतरून आली.

"काका, ते पुसा. सुपडाबाई लिहा."

मागून तिचे सासरे आले. "अगं, कोणाला कळणार आहे ते?"

"विचारतील, बाबा. विचारलं की सांगू."

ते फळ्याजवळ आले. मग माझ्या हातातलं फडकं घेऊन त्यांनीच आईचं ते नाव पुसलं.

"मोठ्या अक्षरात लिहा," म्हणाले.