ग्रेनेडाची जायफळवाली

"आधी ऐक, डार्लिंग." असं म्हणून बाई जायफळ माझ्या कानाशी खुळखुळवायच्या. पुरतं वाळलं की ते कवचात सुटतं आणि वाजतं. जन्मभर श्रीखंडात जायफळ घालणाऱ्या मला हे लंडनजवळ क्रॉयडनला आल्यावर कळलं. आमच्याकडे ते सोललेलंच यायचं.

बाजारात, माझ्या मसाल्याच्या दुकानासमोर, त्यांचं टेबल होतं. वय सत्तरीपुढचं, डोक्यावर हॅट. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वस्तू विकण्याआधी ती तिचं कूळ सांगतात.

"ग्रेनेडा नक्की कुठे आलं?" एका गोऱ्या बाईने विचारलं.

"तुझ्या आजोबांना विचार. त्यांना बरोबर सापडलं होतं."

कॅरिबियनमधल्या त्या बेटावर गोऱ्या मालकांनी गुलामांकडून ऊस पिकवून घेतला. गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने भरपाई दिली. कोणाला? मालकांना! हे ऐकलं त्या दिवशी मी दुकानात डबे आपटले. पुढे ऊस परवडेना, म्हणून जायफळ आलं. आज ते बेटाच्या झेंड्यावर आहे. पण पोती जायची तशीच जहाजात. दळायचं, बाटलीत भरायचं आणि नफा मोजायचा तो इकडे. मग वादळात बहुतेक झाडं आडवी झाली. नव्या झाडाला फळ धरायला वर्षं लागतात. तेवढा धीर खरेदीदारांना कुठला? ते दुसरीकडे वळले.

बाईंच्या भावाने बाग पुन्हा उभी केली होती. कायमचा खरेदीदार मिळाला नाही, तर तो ती हॉटेलवाल्यांना देणार होता. म्हणून मी बाईंना गाडीत घालून मिल्टन कीन्सला एका मसाला कंपनीत नेलं. रिकाम्या हाताने येऊन दुकान उभं केलंय मी. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही.

तिथल्या साहेबाने वास घेतला, खूश झाला. मी भाव दोनदा चढवला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "बाटलीवर ग्रेनेडा छापणार?"

"इतर मालात मिसळू, मॅडम. गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?"

बाईंनी टेबलावरची जायफळं एकेक करून पिशवीत टाकली. "मग दुसऱ्या कोणाची मिसळा."

"अहो, बाग जाईल!" मी गाडीत ओरडले. "मी भाव चढवत होते ना!"

"चढवलास. आणि तो आमचं नाव पुसत होता."

"मी घेते. नाव छापून विकते."

"किती घेशील?"

मी सांगितलं. त्या हसल्या. "तेवढं तर बागेच्या एका कोपऱ्यात पडतं, डार्लिंग."

एक शब्द छापायचा होता मेल्याला! अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

बाग गेली. बाई शेवटची जायफळं वेचायला ग्रेनेडाला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. एकदाच फोन आला. मागे बुलडोझरची घरघर.

"शेवटची पोती आहेत. भाव बोल."

"तुम्ही म्हणाल तो."

"दया नकोय मला. भांड माझ्याशी."

मग मी भांडले. "एवढा भाव? लुटताय का मला?" गिऱ्हाइकं वळून बघत होती. आणि तिकडून बाई, त्या यंत्राच्या वर आवाज चढवून, एक पैसा कमी करायला तयार नव्हत्या.