वालेसीची साय

साखर कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये माझी शेजारीण मेरेवालेसी, म्हणजे आमची वालेसी, मळीवर साय धरते. साखर काढून उरलेली काळी, चिकट मळी आधी पातळ करायची, उकळायची, निववायची, पसरट टबांत ओतायची आणि वर विरजण घालायचं. विरजणातले जिवाणू ती साखर खातात आणि वर जाड पांढरी साय विणतात, कोवळ्या नारळातल्या मलईसारखी. ती धुऊन, निर्जंतुक करून इस्पितळात जाते आणि साखरेच्या आजाराने चिघळलेल्या पायांवर बसते. साखरेनं पाय सडवायचे आणि साखरेच्याच मळीनं भरायचे, असा आमच्या गावचा कारभार.

वालेसी अंगानं दांडगी. रस्त्यावरून चालली की माझ्या मांडणीतली भांडी वाजतात. पण शेडमध्ये ती मांजरासारखी वावरते. टब हलला की साय बुडते, म्हणून तिथे दारसुद्धा कुणी आपटत नाही. रविवारी चर्चमध्ये खिडक्या थरथरतील असं गाणारी बाई टबांपाशी कुजबुजत बोलते. मी हसले तर म्हणते, "सुभागी, तुझ्या दुधावर साय येते तेव्हा तू पातेलं हलवतेस का?"

तिचा नवरा इलाइतिया. उसाच्या गाडीचं इंजिन चालवायचा. साखरेनं पायातली जाणीव गेली होती. अनवाणी चालताना तळव्यात खिळा घुसला, तो दुसऱ्या दिवशी वालेसीनं पाहिला तेव्हा कळलं. जखम काही भरेना. तेव्हा इस्पितळात सायीची पारख सुरू होती. अर्ध्या रोग्यांना साय, अर्ध्यांना नेहमीची जाळीपट्टी, आणि कुणाची जखम लवकर भरते ते बघायचं. इलाइतियाच्या वाट्याला साय आली; घरी बदलायला तिची पाकिटं मिळायची. वालेसीनं त्या दिवशी शेजारपाजारच्यांना टॅरोची, म्हणजे अळूची, पानं नारळाच्या दुधात शिजवून वाटली.

सिस्टर उनाइसी जखमा मोजायची. जखम धुवायची, वर पारदर्शक कागद धरायचा, कडेनं रेघ ओढायची, मागच्या रेघेशी ताडून बघायची. मग रंग: लाल म्हणजे मांस धरतंय, पिवळं म्हणजे रेंगाळलंय, काळं म्हणजे मेलंय. रोग्याला ती काही विचारत नसे. आमच्याकडचा माणूस पाय तुटायला आला तरी सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून "छान आहे" म्हणतो.

इलाइतियाची रेघ आत सरकेना. उलट मधे पिवळं वाढलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या मोजणीला असंच दिसलं तर घोट्यापासून पाय काढावा लागेल. आणि जाळीपट्टीवाले मात्र बरे होत होते! सायीत काही दम नाही, असं सगळे बोलू लागले.

वालेसी माझ्या पायरीवर येऊन बसली. "माझ्याच हातची साय माझ्याच माणसाला लागू पडेना, सुभागी."

मी चहा दिला. दुसरं काय देणार?

दुसऱ्या दिवशी ती उकडलेले कसाव्याचे कंद घेऊन एरोनीकडे गेली. एरोनी हा इलाइतियाचा मामेभाऊ, आणि आमच्याकडे मामे-आतेभावांनी एकमेकांची चेष्टा करायची, एकमेकांकडे हक्कानं मागायचं आणि मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. एरोनीचाही पाय तसाच, पण तो जाळीपट्टीवाला. तो चटईवर पाय पसरून बसला होता आणि पायावर साय होती. बाईला आपल्या हातचा पापड ओळखू येणार नाही का?

ती घरी आली ती थेट नवऱ्यापुढे. भिंत मधे असूनही मला सगळं ऐकू आलं.

"एरोनीला साय तू दिलीस?"

"अर्धीच. मागितली त्यानं."

"आणि उरलेली अर्धी?"

"त्यातली थोडी त्याच्या सासऱ्याला. तोही जाळीपट्टीवालाच. म्हातारा दारात आला, वालेसी."

"मग तुझ्या पायावर काय होतं?"

"आधीची. धुऊन लावत होतो."

"अरे देवा! उद्या एरोनीनं पाय मागितला तर?"

"हा पाय? हा कोण मागतोय?"

तो हसला. ती हसली नाही.

संध्याकाळी ती सायीची पाकिटं घेऊन माझ्याकडे आली. "तुझ्या फ्रिजमध्ये ठेव. त्याच्याकडे असली की तो देणार. तुझ्याकडे कुणी मागायला येत नाही."

"म्हणजे मी कंजूष?"

"गावात सगळ्यांना माहीत आहे. आज उपयोगी पडलं."

मग ती सिस्टरकडे गेली. मी म्हटलं, कशाला सांगतेस, त्याला पारखीतून काढून टाकतील, साय बंद होईल. ती म्हणाली, "न सांगावं तर सगळ्यांचीच बंद होईल. सायीत दम नाही असंच लिहितील ना ते?"

सिस्टर उनाइसीनं आधी कपाळावर हात मारला. मग अशी तापली की बाहेर बाकावरचे रोगी उठून उभे राहिले. "मी इथे दोन गट करून बसलेय, आणि तुम्ही घराघरात पंगत वाढताय!" शेवटी तिनं एरोनीला आणि सासऱ्याला मोजणीतून काढलं, पण साय त्यांना त्यांची स्वतंत्र द्यायची ठरवली. इलाइतियाची मोजणी नव्यानं धरली. डॉक्टरांकडून मुदत मिळाली ती एकाच मोजणीची.

तेव्हापासून तो रोज माझ्या ओट्यावर येऊन पाय पुढे करायचा, आणि मी हातमोजे घालून, सिस्टरनं शिकवलं तसं, ताजी साय बसवायची. "भाभी, एक पाकीट जास्तीचं आहे का? पलीकडे एक जण..." "नाही," मी म्हणायचे. नाही म्हणायची मला चांगली सवय आहे.

मोजणीला आम्ही तिघं गेलो. वालेसी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सिस्टरनं जखम धुतली, कागद धरला, रेघ ओढली, पुन्हा एकदा ओढली.

"वालेसी, इकडे बघ."

नवी रेघ जुन्या रेघेच्या आत होती, चहूबाजूंनी. मधे लाल, ओलं, नीट मांस. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, पाय ठेवू या.

वालेसी त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. नखं भलतीच वाढली होती. जाणाऱ्या पायाची नखं कोण काढतं? तिनं सिस्टरकडे नेलकटर मागितला.

"सरळ काप," सिस्टर म्हणाली, "कोपऱ्यात खोल जाऊ नकोस."

वालेसीनं पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.