घाटकोपर ते अंधेरी, एका मुक्या रेडिओसह

लोक युरोपला जातात, मी घाटकोपरहून अंधेरीला गेलो. मी घरी सुटे भाग आणून जुळवलेला रेडिओ तोंड उघडत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, मेहुणा जेवायला येणार होता. साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल. मेहुण्याकडे दुबईचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच; माझ्याकडे फक्त बढाई. "माझा रेडिओ ऐकायलाच ये," असं मीच सांगून बसलो होतो.

बस साकीनाक्याला अडकणार हे धरूनच निघावं. तिकीट स्वस्त, त्यात पाठीचे मणकेही मोजून मिळतात. मरोळला उतरून उसळपाव खावा, मग भांडायला जावं. उपाशीपोटी भांडण रंगत नाही.

परब अंधेरी स्टेशनाजवळ एका जिन्याखाली बसायचा. दुकानाला पाटी नव्हती, पण पानवाल्यापासून हमालापर्यंत कोणीही वाट दाखवायचं. गिरणी बंद पडल्यावर हा तिथला वायरमन रेडिओचे सुटे भाग विकू लागला होता. प्रत्येक भाग गिऱ्हाइकासमोर मीटर लावून तपासायचा, मगच हातात द्यायचा. गेल्या शनिवारी मात्र "दे रे लवकर, बस जाईल," म्हणत मी त्याच्या हातातली कॉइल जवळजवळ ओढूनच नेली होती. हे अर्थातच मी विसरलो होतो.

"परब, काय माल विकतोस रे?" सात-आठ गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं मी विचारलं.

त्याने रेडिओ उघडून कॉइलला मीटर लावला. काटा ढिम्म. परब उठून उभा राहिला.

"ऐका रे! ह्या साहेबांना कॉइल मी मीटर न लावता दिली. आतून तुटकी निघाली. चूक माझी! ह्या डब्यातली आणखी कोणी नेली असेल, तर घेऊन या. बदलून देतो."

"परब, धंदा बुडवशील!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बुडायला पाणी लागतं. अंधेरीत ते दिवसाआड येतं!"

माझ्या घाईबद्दल अवाक्षर नाही. उसळपाव फुकट गेला.

नवी कॉइल बसवली, तरी रेडिओ गप्पच. परबने आत डोकावून पाहिलं, एक भाग काढून फिरवून बसवला आणि माझ्या कानाशी वाकून मालवणीत कुजबुजला. "साहेब, ट्रान्झिस्टर उलटो बसलो होतो. हळू बोलतंय, मागे लोक आसत."

कोणी बसवला, ते तो बोलला नाही.

रविवारी रेडिओ खणखणीत वाजला. मेहुण्याने आमटी भुरकत विचारलं, "मग ताई सांगत होती तसा इतके दिवस मुका का होता?"

"दुकानदाराने तुटकी कॉइल दिली होती." खोटं काहीच नव्हतं.

"असल्या चोराकडे जाता कशाला, भावजी?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "चोर नाही रे तो. घाई करून न तपासलेली कॉइल मी आणली. आणि ट्रान्झिस्टरही मीच उलटा बसवला होता."

परबची अब्रू राहिली, माझी गेली. बायको हसली, मेहुणा तर ठसका लागेपर्यंत हसला. निघताना दारात मात्र त्याने मला बाजूला घेतलं, बहीण आत आहे याची खात्री केली आणि माझ्या कानात विचारलं, "त्या परबचा पत्ता द्या ना. टू-इन-वन गणपतीपासून बंद आहे."