वाचून फाडायचं कार्ड

वडील गेल्यावर त्यांच्या गंधमुक्तीचं, म्हणजे उत्तरकार्याचं, कार्ड मी मोबाइलवर बनवलं. कागद नाही, टपाल नाही, तरी त्याला कार्डच म्हणायचं. काळी चौकटही जुनीच. नातेवाइकांचे नंबर वडिलांच्या फोनमध्ये होते, म्हणून सगळ्यांना तिथूनच पाठवलं. स्वतःच्या गंधमुक्तीचं बोलावणं त्यांच्याच नंबरवरून गेलं. मला काही वाटलं नाही.

असं पोस्टकार्ड आलं की आमच्याकडे ते उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकत, हातपाय धूत आणि मगच घरात येत. चोपड्याच्या आत्याने आताही तेच केलं. ओट्यावर उभं राहून तिने कार्ड वाचलं आणि फाडायचं कसं ते न कळल्याने डिलीट केलं. पण तिच्या बोटाखाली वडिलांचं अख्खं चॅटच पुसलं गेलं. टाइप करायचा कंटाळा म्हणून ते तिला रोज सकाळी बोलून मेसेज पाठवायचे. ते मेसेजही गेले; वडील स्वतःच्या फोनमधले रोज पुसून टाकत.

तिचा फोन आला. "मना भाऊना आवाजबी गया का रे?"

"हो," मी म्हटलं. "आता हातपाय धू, आत्या, आणि घरात जा."