सत्काराच्या दिवशी मी बोललो

चाकूरला वडिलांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला होता. तीस वर्षं त्यांनी तिथं गणित शिकवलं. मी नांदेडहून बायकोला घेऊन गेलो. गेलो नसतो तर आईनं फोनवर रडून जीव नकोसा केला असता.

एकेक जण उठून बोलत होता. लातूरला दवाखाना असलेला एक डॉक्टर म्हणाला, "सरांनी हात सुजेपर्यंत मारलं, म्हणून मी इथं उभा आहे." टाळ्या पडल्या. वडील शाल सावरत हसले. माझं डोकंच भणभणलं.

शाळेत छडी होती, घरी त्याहून वाईट होतं. पाढा चुकला, दोन मार्क कमी पडले, की ते मला परसातल्या पत्र्याच्या खोलीत कोंडायचे. भर उन्हाळ्यात, दुपारी. आत कडबा आणि वर तापलेला पत्रा. मी दार बडवायचो. चावी आईच्या कमरेला असायची. ती दाराशी येऊन म्हणायची, "बोंबलू नको. शेजारचे ऐकतेत." आणि निघून जायची. मी आठ वर्षांचा होतो.

आज पंचेचाळिशीत मी बँकेत चौथ्या मजल्यावर काम करतो आणि रोज जिना चढतो. लिफ्टचं दार मिटलं की श्वास अडकतो. घरी न्हाणीला कडी लावत नाही. साहेबांनी नुसतं आत बोलावलं तरी तळहात ओले होतात.

"आता सरांचे चिरंजीव दोन शब्द बोलतील," असं पुकारलं गेलं. बायकोनं माझा हात दाबला. मी माईक घेतला आणि पत्र्याच्या खोलीचं सगळं सांगितलं. चावी कुणाकडं असायची तेही. कुणीतरी माईक बंद केला. मी तसाच मोठ्यानं बोलत राहिलो.

घरी आल्यावर आई म्हणाली, "इतक्या वर्षांचं कशाला उकरून काढालास?"

"मी उकरत न्हाई. ते माझ्या अंगातच हाय."

वडील खुर्चीतून ओरडले, "तुझ्या भल्यासाठीच केलं! बँकेत लागलास ते कुणामुळं?"

"माझ्या अभ्यासामुळं. तुमच्यामुळं मला दार लावायची भीती वाटते."

"नाक कापलंस माझं गावात."

चूक झाली, एवढे दोन शब्द त्या म्हाताऱ्याच्या तोंडून आले नाहीत. आम्ही जेवण न करताच निघालो.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. रागच आला, आणखी. वडिलांचा आला, आईचा आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला. आणि पुढं माझ्या लेकीला गणितात कमी मार्क पडले त्या दिवशी माझ्याच घशातून वडिलांचा आवाज निघाला, तेव्हा माझाही आला. मी तिथंच थांबलो. लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या, बाबा." मी म्हणालो, "असू नाही द्यायचं."