वाघमारेबाबूंची अंबाडी

वाघमारेबाबू आधी चुलीवर आधण ठेवायचे आणि मग भाजी तोडायला जायचे. परसातल्या चुलीवर ज्वारीच्या कण्या रटरटू लागल्या, की हा माणूस लुंगी खोचून वाफ्यात शिरायचा, अंबाडीचे कोवळे शेंडे खुडायचा आणि ओंजळ छातीशी धरून लगबगीनं परत यायचा. "झाडावरून उतरली की भाजीची मुदत सुरू होते, सर," ते मला सांगायचे. "मुदतीच्या आत चुलीपुढं पेशी झाली पायजे. नाई त मंग तिची चव खारीज!"

मी भिंतीच्या अलीकडून हे सगळं पाहत असे. पाहत कसला, जळत असे. आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्याला आमची घरं लागून होती आणि मधली भिंत जेमतेम कमरेएवढी. बाबू बोथच्या तहसील कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले तरी कचेरी त्यांच्या तोंडातून काही निवृत्त झाली नाही. तण उपटताना म्हणायचे, "याले बेदखल करून राह्यलो." एखादं वांगं तोडायचं की अजून ठेवायचं, असा प्रश्न पडला की त्या वांग्याकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "उद्याची तारीख देतो." मुलगा हैदराबादेत, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे रांधायचं काम त्यांच्यावरच आलं होतं. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. माझी सुनंदा तर जरा जास्तच द्यायची.

असं नाही की माझ्या परसात काही नव्हतं. मी शाळामास्तर असलो तरी कापूस पिकवणाऱ्या घरातला. वांगी, चवळी, मिरची, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, सगळं होतं, आणि चांगलं होतं. माझे वाफे दोरी लावल्यासारखे सरळ. बाबूंच्याकडे नुसता गोंधळ, मिरचीत पालक, पालकात भेंडी. पण आलागेला माणूस माझ्या वाफ्यांकडे बघून "वा सर!" म्हणायचा आणि जेवायला भिंतीपलीकडे जायचा! तळपायाची आग मस्तकात जाईल नाहीतर काय?

एका पावसाळ्यात त्यांच्या दोडक्याचा वेल भिंत ओलांडून माझ्या बाजूला आला आणि बेट्यानं सगळे दोडके इकडेच धरले. मी म्हटलं, "बाबू, तुमचा वेल आवरा." ते हसले. "सर, कब्जा तुमचा झाला. बिनधास्त तोडा. मी काई अपिलात जात नाई." आता हे दोडके मी खायचे, आणि सुनंदानं "बाबूंचे दोडके किती गोड" म्हणायचं, ते मी ऐकायचं? मी एकाही दोडक्याला हात लावला नाही. तिथल्या तिथे जून झाले, वाळले, आणि सुनंदानं त्यांच्या घासण्या केल्या. वर्षभर अंघोळ करताना मला बाबूंची आठवण यायची.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण आमची प्रज्ञा, एकुलती एक लेक, तीही त्यांचीच. शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे टाकायची आणि भिंतीवरून उडी मारून "काका, काय शिजवून राह्यले?" म्हणत त्यांच्या चुलीपाशी. लग्न होऊन निजामाबादला गेली. फोन आला की आधी "आई कशी आहे", मग "काकांची अंबाडी उगवली का?" बाप काय करून राहिला, हे तिसऱ्या नंबरावर.

बाळंतपणाला ती माहेरी येणार असं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की या खेपेला माझी लेक माझ्या हातचं, माझ्या परसातलं खाईल. दुसरं काही मला नको होतं. अंबाडीचा एक वाफा खास तिच्यासाठी पेरला. सकाळ-संध्याकाळ पाणी, किडा दिसला की हातानं वेचायचा. ती आली त्याच दिवशी मी स्वतः भाजी केली. कण्या, तुरीची डाळ, हिरवी मिरची, वरून लसणाची फोडणी. ताट वाढलं आणि समोर उभा राहिलो. "कशी झाली?" ती म्हणाली, "छान झाली बाबा." "मीठ?" "बरोबर आहे." "आंबट कमी आहे का? फोडणी जळली तर नाही ना? पलीकडच्यापेक्षा कशी आहे?" तिनं अर्धी भाकर खाल्ली आणि पोट भरलं म्हणाली.

दिवस मावळताना भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. बघतो तर काय, पातेलं मध्ये, एका बाजूला बाबू, एका बाजूला माझी लेक, आणि पोट भरलेली ही पोरगी भाकरीवर भाकर खातेय!

माझा तोल गेला. भिंतीवरूनच ओरडलो, "प्रज्ञे, मी काय विष वाढतो का गं?"

बाबूंच्या हातातला घास हातातच राहिला. प्रज्ञा मात्र माझीच लेक. म्हणाली, "बाबा, तुमची भाजी चांगलीच होती. पण तुमी डोक्यावर उभे राहता. परीक्षेला बसल्यासारखं वाटते मले. घास उतरत नाही. काका माझ्यासंगं जेवतात, विचारत काहीच नाही."

मी घरात गेलो आणि खाटेवर पडलो. थोड्या वेळानं बाबू आले. हातात वाटी नव्हती, हे बरं केलं, असती तर मी फेकली असती. दारातच बसले. म्हणाले, "सर, काऊन तरास करून घेता? पोरगी तुमची हाय. पट्टा तुमच्याच नावावर. मी त निस्ता कूळ." मग हळूच म्हणाले, "मले एकट्याले घास जात नाई, सर. म्हून मी कोनालेही बसवतो." हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण सोबत असंही वाटलं, बघा, हा माणूस बोलतोही माझ्यापेक्षा चांगलं!

नातू झाला. बाबूंनी बाळंतिणीला रोज काहीबाही करून पाठवलं, आणि मी दात-ओठ खात दारातून आत नेऊन दिलं.

मग बाबू आजारी पडले. छातीचं दुखणं, आदिलाबादच्या दवाखान्यात खेपा. त्यांच्या वाफ्यांना मी पाणी घालत होतो, पण मागच्या कुंपणातून बकऱ्या शिरल्या आणि सगळं फस्त करून गेल्या. हे त्यांना सांगायचं मी टाळत राहिलो, आणि सांगायची वेळ आलीच नाही. ते दवाखान्यातून परत आले नाहीत.

मरणानंतरच्या जलदानविधीच्या दिवशी त्यांचा हैदराबादचा मुलगा म्हणाला, जेवण बाहेरून मागवतो. प्रज्ञा लेकराला कडेवर घेऊन भांडायला उभी राहिली. "काकांच्या जलदानाले बाहेरचं जेवण?" मग माझ्याकडे वळली. "बाबा, तुमची अंबाडी आहे ना?" होती. मी पातेल्यात कण्या चढवल्या आणि त्या रटरटू लागल्यावर वाफ्यात गेलो. सगळा वाफा खुडला, एक शेंडा ठेवला नाही. बुद्धवंदना झाली, गल्लीतली माणसं पंगतीला बसली. मीही प्रज्ञाशेजारी बसून घेतलं. कोणाला काही विचारायचं त्राणच नव्हतं.

समोरची म्हातारी यमुनाबाई पहिला घास घेऊन थांबली. "बाप्पा! हे त बाबूच्या हातची हाय." पंगतभर तेच सुरू झालं. बाबूंची चव, अगदी बाबूंची चव. प्रज्ञानं दुसऱ्यांदा भाजी घेतली, मग तिसऱ्यांदा, आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबा, काकांसारखीच झाली."

इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला, तोही त्यांच्याच नावानं! मेला तरी हा माणूस पुढेच. मी ताटावरून उठलो, तडक भिंतीपाशी गेलो. आज सोडायचं नाही, बोलायचंच, असं ठरवून.

पलीकडे चूल थंड होती. मी भिंत धरून लहान पोरासारखा रडलो. आता मी कोणावर जळू, सांगा.